तांडेलची टांगती डिस्क

लोक भेटल्यावर जेवलात का, असं विचारतात. हरेश्वर तांडेल विचारायचा, "आज काय पुसलं?"

तारापूरच्या आमच्या रंगांच्या कारखान्यात ऑफिसातले सगळे संगणक एका फाइल सर्व्हरला जोडलेले होते आणि त्याचा कारभार तांडेलकडे होता. सर्व्हरची डिस्क इवलीशी. कोणी जुनं पत्र उगाच ठेवलं की हा टेबलाशी येऊन उभा. "बोटीत जागा एवढीच हाय. कालची मासळी ठेवाल तर आजची कुटं ठेवाल?" तो शिरगावच्या कोळीवाड्यातला. घरची बोट भाऊ चालवायचा, पण याच्या बोलण्यातून ती उतरली नव्हती. स्वतःच्या फायलींना तो दोन अक्षरांचीच नावं द्यायचा. छोट्या नावाला जागा कमी लागते, अशी त्याची पक्की समजूत. चहासुद्धा अर्धाच कप घ्यायचा.

मी हिशेबाच्या टेबलावर, आणि माझी बायको वसुधा तिथेच टायपिस्ट. मी डबा खाताना वाचत बसतो म्हणून मला तो मास्तर म्हणायचा, आणि तिला वहिनी. त्याच्या बोलण्याला ती खळखळून हसायची. माझ्या विनोदांना "कळलं" म्हणायची. घरीही तेच, तांडेलभाऊ असं म्हणाले आणि तांडेलभाऊंनी तसं केलं. एका रविवारी माझ्या खच्चून भरलेल्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभी राहून तिने मलाच विचारलं, "आज काय पुसलं?" संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

पुढे ती आजारी पडली, आणि दिवाळीच्या आत गेली.

मी कामावर परतलो तेव्हा सर्व्हर भरला होता. नवीन मशीन मिळणार नाही, जुनी पत्रं पुसून टाका, असं शेठनी सांगितलं. तांडेलला इतकी वर्षं हाच हुकूम हवा होता. पण तो म्हणाला, "नाय शेठ. जागा मी आणतो."

बोईसरच्या एका भंगारवाल्याकडे कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातली डिस्क होती. ती त्याने सुक्या बोंबलांच्या बदल्यात मिळवली. सर्व्हरच्या डब्यात ती बसेना. मग बाजूचा पत्रा काढून त्याने ती जाळ्याच्या नायलॉन दोरीने, वाळत घातलेल्या बोंबलासारखी, आत टांगली आणि समोर टेबलफॅन लावला. कोणी दार आपटलं की धावत जाऊन झोका थोपवायचा. खोलीत बरेच दिवस बोंबलांचा वास होता. शेठ मात्र खूश.

एकदा एक पत्र शोधताना मी त्या डिस्कवर गेलो. नव्या कामाच्या फायलींमध्ये एकच जुना फोल्डर होता, आणि त्याचं नाव दोन अक्षरांचं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, वहिनी. आत वसुधाने टाइप केलेली सगळी पत्रं. पिंपांचे दर, उशिरा आलेला माल, आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात तिची आद्याक्षरं.

हे कशाला ठेवलंस, मी विचारलं.

तो पंख्याकडे बघत म्हणाला, "पुसायला गेलतो. हात नाय धजला. घरी कोण नाय माझ्या, मास्तर. मी बोललो की हसणारं माणूस ते एकच होतं."

मला मत्सर वाटला, पूर्वीपेक्षाही जास्त. तिच्या साड्या मी महिन्याच्या आत वाटून टाकल्या होत्या. ठेवायचं सुचलं ते याला.

शनिवारी मशीन बंद केल्यावर त्याने झिजलेली दोरी बदलायला घेतली. मी म्हणालो, या खेपेला गाठ मी मारतो. त्याने दोरी सोडली नाही. त्या पत्रांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ठेवायला दुसरी जागाच नव्हती. मग "ढील ठेवू नका," एवढंच बोलून त्याने दोरी माझ्या हातात दिली.

माझी पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली. तेवढा वेळ तांडेल गुडघ्यांवर बसून डिस्कखाली दोन्ही हातांची ओंजळ धरून होता.