चौदशीचे गुलाब

हस्तीमल शेठच्या जळगावच्या बंगल्यात प्लास्टिकचे गुलाब आले, त्या दिवसापासून सुपडू हेडमाळ्याचं जेवणातलं लक्ष उडालं. बंगला मूळचा एका इंग्रज साहेबाचा. 'हेडमाळी' हा किताबही साहेबानेच दिलेला, आणि हाताखाली एकही माळी नसला तरी सुपडूने तो जपला होता. साहेब गेला, शेठ आले. गेली अकरा वर्षं दिवाणखान्यातल्या पितळी फुलदाणीत सुपडूचाच गुलाब लागत होता. आता तिथे शेठाणी सज्जनबाईंनी मुंबईहून आणलेले सहा लालभडक गुलाब उभे होते. सवत घरात यावी आणि थेट आपल्याच पाटावर बसावी, तसा त्याचा जळफळाट झाला.

त्यात भांडीवाली धुरपदाबाई. त्या फुलांवरून ओलं फडकं फिरवत ती म्हणाली, "सुपडू भाऊ, हाई फूल ना सुकस, ना पानी मांगस."

"त्याले वास शे का?"

"वासले काय चाटानं शे?"

सुपडू तरीही आशेवर होता. रविवारी दुपारी दीपनगरच्या वीज केंद्राचे मोठे इंजिनिअर चहाला येणार होते आणि 'त्या दिवशी तुझाच गुलाब लावू,' असं सज्जनबाईंनी कबूल केलं होतं. चैत्राच्या उन्हात गोणपाटाची सावली धरून त्याने एक झाड लेकरासारखं सांभाळलं होतं. पण रविवारी सकाळी कात्री घेऊन तो निघाला, तर सज्जनबाई ओट्यावर आडव्या आल्या.

"सुपडू, आज चौदस. जैनाच्या घरी आज हिरव्याला कात्री लावायची नाही."

"पन बाई, गुलाब उमलेल शे!"

"उमलू दे. प्लास्टिकचे आहेत ना? त्यांचं पाप लागत नाही."

सुपडूच्या अंगाची लाही लाही झाली. फुलदाणीच रिकामी झाली, तर इंजिनिअरसाहेबांना बागेत यावंच लागेल, असा विचार करून त्याने सगळे जेवायला बसल्यावर सहाही गुलाब उपरण्याखाली घातले. पण लपवायचे कुठे? मागच्या दारी धुरपदाबाई, फाटकात वॉचमन. शेवटी कुंपणाजवळच्या वाफ्यात त्याने ते गुलाबाच्याच झाडांत खोचून टाकले. गुलाबात गुलाब कोण मोजतंय? मग शोभेसाठी आपल्या झाडावरचं गोणपाटही काढलं.

साहेब आले. रिकामी फुलदाणी पाहून सज्जनबाई गडबडल्या. "चला, आमची बागच बघा," त्या म्हणाल्या. सगळे ओट्यावर येताच सुपडूने मोठ्या अभिमानाने आपल्या झाडाकडे बोट दाखवलं. पण तासाभराच्या उन्हात त्याच्या गुलाबाने मान टाकली होती. साहेबांची नजर त्याच्यावरून सरळ कुंपणाकडे गेली.

"वा शेठजी! या उन्हात इतके ताठ गुलाब! माळी कोण?"

शेठनी सुपडूला पुढे ढकललं. सज्जनबाईंनी आपली फुलं ओळखली होती. 'हाई खोटं शे!' असं ओरडावं, असं सुपडूला फार वाटलं, पण मग तिथे लावली कोणी, हेही सांगावं लागलं असतं. त्याने हात जोडले.

"मला एक कलम हवंच," म्हणत साहेब पायरी उतरले.

"नको!" सज्जनबाई आणि सुपडू एकदमच ओरडले. बाईंनीच सावरलं, "आज चौदस आहे, साहेब."

सुपडूला जन्मात पहिल्यांदा चौदस आवडली.

"मग पुढच्या रविवारी येतो," साहेब म्हणाले.

ते गेल्यावर सज्जनबाईंनी निकाल दिला. "रविवारी साहेबांना तुझ्या झाडाचं कलम द्यायचं. तोवर ती फुलं तिथेच राहतील. आणि रोज पाणी घालायचं. लोक बघतात."

सुपडू प्लास्टिकला पाणी घालू लागला. तेवढी एक गोष्ट सोडली, तर तो सुखात होता, कारण फुलदाणी रिकामी होती आणि मंगळवारी तिच्यात त्याचा ताजा गुलाब लागला. त्याच दुपारी शेजारच्या सायरबाई आल्या. सुपडू खिडकीबाहेर झारी घेऊन कान टवकारून उभा राहिला.

सायरबाईंनी पाकळी चिमटीत धरली. "अगं बाई, हुबेहूब खऱ्यासारखा! आणि अत्तरही शिंपडलंय! कुठून आणलास?"

सज्जनबाईंनी खिडकीबाहेर सुपडूकडे एकदा नीट पाहिलं.

"मुंबईहून," त्या म्हणाल्या.