आत सरकणारं प्रवेशद्वार

नांदगिरीच्या सांस्कृतिक भवनाला काचेचं आणि पोलादाचं नवं प्रवेशद्वार बसलं आणि दुसऱ्याच दिवसापासून ते आत सरकू लागलं. सकाळी व्यवस्थापिका शरयू दिघे कामावर आल्या, तेव्हा प्रेक्षागृहातली शेवटची रांग नव्हती. खुर्च्या मोडल्या नव्हत्या, चोरीलाही गेल्या नव्हत्या. त्यांच्या जागी गुळगुळीत फरशी, काच आणि क्षणाक्षणाला रंग बदलणारे दिवे होते.

त्याच्या पुढच्या दिवशी तिच्या पुढचीही रांग गेली. शरयूबाई नगराध्यक्ष अंबादास धोत्रे यांच्याकडे गेल्या.

"प्रवेशद्वार मोठं झालं, ही तक्रार आहे?" धोत्र्यांनी विचारलं.

"नाट्यगृह लहान होतंय, साहेब."

"ते रस्त्यावरून दिसतं?"

"नाही."

"मग झालं तर!"

काम केलेल्या कंपनीचे इंजिनियर पारसनीस येऊन काचेवर टिचकी मारून गेले. काच तडकली तर पाच वर्षांची हमी होती. "वाढ हा दोष धरत नाहीत, मॅडम," ते म्हणाले. "उलट तुम्हाला वाढीव काम फुकट मिळतंय."

गाव खूश होतं. लोक नटूनथटून यायचे, दिव्यांखाली फोटो काढायचे आणि कार्यक्रम छान झाला म्हणत घरी जायचे. आत कार्यक्रम होता की नाही, हे विचारण्याइतकं आगाऊ कुणी नव्हतं.

शरयूबाईंना घोर होता तो कुमुदताई रेग्यांचा. कुमुदताई याच गावच्या. पन्नास वर्षं रंगभूमी गाजवून त्यांनी निरोपाचा प्रयोग इथे ठरवला होता. शाळेत असताना त्यांचं काम बघूनच शरयूबाईंना नाटकाचं वेड लागलं होतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सगळ्या खुर्च्या संपल्या आणि काच रंगमंचावर चढली. शरयूबाईंनी फोन करून सगळं सांगितलं.

"ताई, येऊ नका. शोभा होईल."

"रंगमंच किती उरलाय?"

"एक सतरंजी मावेल एवढा."

"मग चौघांचं नाटक नको. मी एकटीच उभी राहते."

संध्याकाळी सगळं गाव प्रवेशद्वारात जमलं. धोत्र्यांनी कलेच्या उज्ज्वल भवितव्यावर भाषण केलं. पलीकडे काचेमागे कुमुदताई बोलू लागल्या. पण दिव्यांच्या झगमगाटात लोकांना काचेत स्वतःचेच चेहरे दिसत होते. चेहरे त्यांना आवडले. टाळ्या पडत होत्या.

पलीकडे कुमुदताईंजवळ फक्त शरयूबाई होत्या. मुलाला धाडायचं शेवटचं पत्र सांगणाऱ्या आईचा प्रवेश चालला होता. काच पुढे आली. कुमुदताई एक पाऊल मागे झाल्या आणि आवाज न ढळू देता पुढचं वाक्य म्हणाल्या. काच परत पुढे आली, त्या परत मागे. पाठ भिंतीला टेकली तेव्हा शरयूबाईंनी मागचं दार उघडलं. कुमुदताई बोलत बोलतच परसात उतरल्या. तिथे जुन्या पडद्यांचा ढीग होता आणि त्याच्या आडोशाला एक कुत्री पिलांना पाजत होती. उरलेलं नाटक तिथे झालं. शरयूबाई उभ्यानेच रडल्या. कुत्री मात्र सगळा वेळ शांत होती. नांदगिरीत असा प्रेक्षक बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता.

नगरपरिषदेने पुढच्या सभेत आनंद व्यक्त केला आणि भवनाचं नाव एकमताने 'सांस्कृतिक प्रवेशद्वार' असं केलं. शरयूबाईंची नोकरी कायम राहिली. काचा पुसून घेणं, एवढंच आता काम होतं.

निरोप घेऊन झाला होता, तरी कुमुदताईंना परसातला प्रयोग पुन्हा करावासा वाटला. पण पंधरवड्यात प्रवेशद्वार मागची भिंत ओलांडून परसातही आलं. शरयूबाईंनी पिलांना टोपलीत घालून ओढ्याकडे नेलं आणि ताईंना फोन केला.

"आपण ओढ्यापलीकडे करू या, ताई. जागा मोकळी आहे."

"ओढ्याला पाणी आहे का?"

"गुडघाभर."

"बरं," कुमुदताई म्हणाल्या, "मग नऊवारीच नेसते."