मेव्हण्यापाशी ठेवलेला चाकू

मेव्हण्याच्या मातीला जाताना खिशात चाकू न्यावा की नाही, याचा विचार शरणप्पा बारदानेवाल्याने पेलाभर पाणी पिऊन होईपर्यंत केला. पेला खाली ठेवला आणि चाकू जॅकेटच्या खिशात टाकला. पुढे जे काही झालं ते त्या खिशामुळे झालं.

सकाळीच रेणापूरहून फोन आला होता. उमाबाईचा धाकटा भाऊ बसलिंगप्पा गोठ्यात धार काढायला बसला, तो तसाच कलंडला आणि गेला. उमाबाई फोन हातात घेऊन दाराशी खाली बसली. रडली मात्र नाही. तिचं रडू गळ्याशी येऊन जे अडकलं ते अडकलंच. मग ती एवढंच बोलली, "आजच्या दिवस तरी ती हत्यारं घरी ठेवा."

"ठेवली की," शरणप्पा म्हणाला. (ठेवली होती. एक सोडून.)

शरणप्पाचं लातूरच्या आडत बाजारात पोत्यांचं आणि सुतळीचं दुकान. सुतळी कापायला दुकानदाराला एक चाकू पुरतो. शरणप्पाकडे दोन डझन होते, सगळे घडीचे. एक नांदेडहून आणलेला खटक्याचा, एक माळेगावच्या जत्रेत घेतलेला शिंगाच्या मुठीचा (त्याला उमाबाईने देव्हाऱ्याच्या खोलीत कधी पाय ठेवू दिला नाही), आणि एक इतका गंजलेला, की तो उघडायला दुसरा चाकू लागे. रोज सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती आणि खिशात एक चाकू, हा त्याचा नेम होता. ज्या घरात तीन पिढ्यांत अंडं फुटलं नव्हतं, त्या घरात एवढी पाती बघून नवे पाहुणे जरा सरकून बसायचे. गल्लीला मात्र त्याचा उपयोग होता. बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायला चाकू शरणप्पाचा, नवरदेवाच्या हातात लिंबू खोचून द्यायला चाकू शरणप्पाचा. परत येताना त्यावर लिंबाचा डाग असायचा, आणि शरणप्पा तो घासत त्या नवरदेवाच्या संसाराला मनातल्या मनात शिव्या द्यायचा.

उमाबाईची तक्रार पात्यांबद्दल नव्हतीच. ती होती खिशांबद्दल. चाकूच्या वजनाने खिसे फाटायचे आणि शिवायचे तिने. "यापुढं तुमचा एक बी खिसा शिवणार न्हाई," असं तिने दिवाळीत जाहीर केलं होतं आणि ते पाळलंही होतं.

सगळ्या चाकूंत शरणप्पाचा जीव होता तो कंधारीवर. कंधारच्या एका म्हाताऱ्या लोहाराने बनवलेला, पितळी मुठीचा, मुठीवर नंदी कोरलेला. (नंदी शेळीसारखा दिसायचा, पण हे शरणप्पासमोर कोणी बोलत नसे.) उघडताना त्याचा टक असा आवाज व्हायचा. त्या आवाजावर बसलिंगप्पासुद्धा खूश होता. सोयाबीन घेऊन बाजारात आला की तो दुकानात पोत्यांच्या थप्पीवर बसायचा, कंधारी मागायचा, पेरू कापायचा आणि निघताना न चुकता म्हणायचा, "दाजी, ह्यो मला द्या."

"बसू, घरच्या माणसाला चाकू देत नसतेत. नातं तुटतंय."

"मंग नका देऊ. नातं ऱ्हाऊ द्या."

असं म्हणून बसू चाकू मिटायचा आणि पोत्यावर ठेवायचा. चाकू हातातून हातात दिला तर भांडण होतं, म्हणून शरणप्पा तो पोत्यावरून उचलायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. खरं तर नातं तुटण्यावर शरणप्पाचा काडीइतका विश्वास नव्हता. त्याला चाकू द्यायचा नव्हता, एवढंच.

शेवटच्या खेपेला बसू थकल्यासारखा दिसत होता. अर्धाच पेरू खाल्ला. जाताना त्याने विचारलं, "दाजी, नातं हाय ना अजून?"

"हाय की."

"मंग ठीक हाय," म्हणाला आणि चाकू पोत्यावर ठेवून गेला.

बसूची माती त्याच्याच शेतात होती. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला खुर्चीत बसवून, फुलांनी सजवून, भजन म्हणत ट्रॅक्टरवरून आणलं होतं. वाटेत कलंडू नये म्हणून खुर्चीला सुतळीने बांधलं होतं. सुतळी शरणप्पाच्या दुकानातली, म्हणजे चांगली. त्यात त्याला घातलेल्या अंघोळीच्या पाण्याने भिजून गाठी अशा आवळल्या होत्या की सोडवता सोडवता दोघांची नखं निघाली. शेवटी विधी करणाऱ्या जंगम अय्यांनी मान वर करून विचारलं, "कुणाकडं चाकू हाय का?"

सगळ्यांनी शरणप्पाकडे बघितलं. बायकांत उभ्या असलेल्या उमाबाईनेसुद्धा.

या प्रश्नाची शरणप्पाने आयुष्यभर वाट पाहिली होती. लग्नात, एसटीत, बाजारात, कोणीतरी असं विचारावं, आणि आपण शांतपणे खिशात हात घालावा. आज विचारलं तेव्हा त्याला तो हात घालवेना. पण घातला. टक आवाज झाला आणि क्षणभर त्याला वाटलं, बसू डोळे उघडून म्हणेल, ह्यो मला द्या. त्याने सुतळ्या कापल्या. मग बसूला खाली बसवायला तोही खड्ड्यात उतरला. खांद्याला धरून बसवलं, अय्यांनी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, विभूती, बेलाची पानं घातली. शरणप्पाच्या डोळ्यांपुढे सगळं पाणीच पाणी होतं. कोणीतरी हात देऊन त्याला वर ओढलं, आणि लोक मूठमूठ माती टाकू लागले.

सवयीने त्याचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता. दुसराही रिकामा.

"थांबा!"

सगळं गाव मुठीत माती घेऊन थांबलं.

"काय झालं, मामा?" बसूचा मुलगा अमरेश जवळ आला. (आत्याच्या नवऱ्याला तो मामाच म्हणायचा.)

"चाकू," शरणप्पा म्हणाला. त्याला म्हणायचं होतं की चाकू खाली राहिला, कोणीतरी उतरा. पण तो इतका वेळ रडत होता की आवाजच फुटेना. "कंधारी... बसूपाशी... ठिवला."

अय्यांनी डोळे मिटून मान हलवली. "लई मोठं मन लागतंय शरणप्पा, लई मोठं. टाका रे माती."

"शेवटी दिला हो दाजींनी," बसूची बायको शिवम्मा हंबरडा फोडून म्हणाली. "लई जीव व्हता ह्यांचा त्या चाकूत!"

माती पडत राहिली. शरणप्पाने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर उमाबाईवर गेली. ती त्याच्याकडे अशी बघत होती, की लग्नाच्या अंतरपाटापासून आजपर्यंत तिने असं कधी बघितलं नव्हतं. शरणप्पाने तोंड मिटलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले, कारण ते फार चांगले गेले. उमाबाई गरम भाकरीवर तूप घालून समोर बसायला लागली. "मला वाटायचं, तुमचा जीव नुसता लोखंडात हाय," एकदा ती म्हणाली. शरणप्पाच्या घशात घास अडकला आणि तिने पाणी पुढे केलं. (हेही पहिल्यांदाच.) उदगीरच्या बहिणीला, देगलूरच्या मावशीला, ज्याचा म्हणून फोन येईल त्याला ती चाकूची गोष्ट सांगायची. भाऊ गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, नुसती भिंतीकडे बघत बसायची. ती गोष्ट सांगताना तेवढा तिचा आवाज मोकळा व्हायचा. आता खरं सांगायचं कसं? सांगितलं तर तिचा भाऊ दुसऱ्यांदा जाणार आणि त्याच्याबरोबर नवराही.

दुकानात त्याने दुसरे चाकू लावून बघितले. कोणाचाच टक बरोबर वाजेना. मग त्याने खिशात चाकू ठेवणंच सोडलं. एकदा, फक्त एकदा, समाधी उकरायचा विचार त्याच्या मनात आला. त्याने लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. (हळूच. दुकानात गिऱ्हाईक होतं.)

गणाराधनेच्या दिवशी, म्हणजे बसूच्या नावाने जेवण होतं त्या दिवशी, त्याने खुंटीवरचं तेच जॅकेट परत घातलं. रेणापूरच्या रस्त्यावर जीप स्पीडब्रेकरवरून उडाली आणि त्याच्या कमरेखाली काहीतरी टणकन लागलं. त्याने हात मागे नेला. जॅकेटच्या अस्तरात, अगदी तळाला, काहीतरी लांबट आणि कठीण होतं. खिशात बोट घातलं तर ते भोकातून थेट अस्तरात गेलं.

शरणप्पाने बोट तसंच आत ठेवलं.

"काय झालं?" उमाबाईने विचारलं.

"काय न्हाई. हाड लागलं."

आधी त्याला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. फाट्यापर्यंत आनंद टिकला. मग शेतातला मांडव दिसला, शिवम्मा दिसली आणि आनंद गेला. अय्यांनी प्रवचनात त्याग समजावून सांगायला शरणप्पाचं उदाहरण घेतलं, त्याला पुढे बोलावून उपरणं घातलं. तो खाली बसला तो कंधारीवरच. अय्या त्यागाबद्दल बोलत होते आणि त्याग खालून टोचत होता. उमाबाई पहिल्या रांगेत मान ताठ करून बसली होती. तेव्हा शरणप्पाच्या मनाने घेतलं, की खोटं सांगून झालंय, आता ते खरं करून टाकायचं. बसूला चाकू द्यायचाच. या वेळी मनापासून.

पंगतीसाठी लोक हात धुवायला उठले तसा तो गुपचूप मांडवामागे समाधीकडे गेला. अस्तर फाडायला चाकू हवा होता, आणि चाकू अस्तरात होता. शेवटी त्याने ते दातांनी फाडलं. कंधारी बाहेर आला, उघडला, टक वाजलं. शरणप्पा मातीपाशी गुडघ्यावर बसला. "बसू," तो म्हणाला, "हातात देत न्हाई. खाली ठिवतो, तू उचल." नातं कशाने तुटतं ते त्याला आता कळलं होतं. चाकू न देताच तुटलं होतं. तो रडत रडत मोकळ्या हाताने भुसभुशीत माती उकरू लागला.

"मामा?"

अमरेश पंगतीला बोलवायला आला होता. त्याच्यामागे अय्या, दोनचार भाऊबंद आणि उमाबाई. त्यांना दिसली ती उकरलेली समाधी, कोपरापर्यंत मातीने भरलेला शरणप्पा आणि त्याच्या मुठीत कंधारी.

"काय करायलात, मामा?"

"ठिवायलो."

"ठिवायलाव का काढायलाव?"

"ठिवायलो रे. शपथ!"

"पण ठिवला तर व्हता की तुमी," अमरेश म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागला.

भाऊबंदांतला एक म्हातारा खाली वाकून खड्डा बघत म्हणाला, "हातभर बी खोल न्हाई. म्हंजे त्या दिवशीच वरच्या वर ठिवला व्हता. काढायला सोपा पडावा म्हणून."

सगळ्यांना हे पटलं. शरणप्पालासुद्धा घडीभर पटलं. खरं सांगावं तर काय सांगावं? की काढला नाही, कारण दिलाच नव्हता? त्याने उमाबाईकडे बघितलं. ती नजर गेली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि मांडवाकडे वळली.

शरणप्पाने कंधारी मिटला आणि अमरेशच्या पायांपाशी जमिनीवर ठेवला. "तुझ्या बापाचा हाय. तू घे." अमरेशने तो उचलला, पुसला आणि खिशात टाकला. पंगतीत शरणप्पाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाट रिकामा राहिला. गव्हाची गोड हुग्गी छान झाली होती असं लोक म्हणत होते. त्याने ती शिवली नाही.

परतताना उमाबाई जीपमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. घरी येऊन तिने त्याचं जॅकेट खुंटीला लावायला घेतलं, आणि तशीच थांबली. खिशाच्या भोकात तिने बोट घातलं. बोट अस्तराच्या फाटक्यातून बाहेर आलं. तिथे दातांच्या खुणा होत्या.

"म्हंजे त्या दिवशी खाली ठिवलाच नव्हता," ती म्हणाली.

"न्हाई."

"आज ठिवायला गेला व्हता."

"हाव."

ती खाली बसली. आधी तिचे खांदे हलले. शरणप्पाला वाटलं रागाने, पण ती हसत होती. हसता हसता तिचा आवाज फुटला आणि गोठ्यात भाऊ कलंडला त्या सकाळपासून अडकलेलं रडू बाहेर आलं. ती "बसू, बसू" म्हणत रडत राहिली. शरणप्पा तिच्याजवळ बसून राहिला. काय करावं ते न कळून त्याने पाण्याचा पेला पुढे केला.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, सुई ओवली आणि खिसा शिवायला घेतला. शेवटचा टाका घालून झाल्यावर म्हणाली, "चाकू द्या, दोरा तोडायचाय."

एवढ्या संसारात तिने पहिल्यांदाच चाकू मागितला होता. शरणप्पाचा हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.

"मंग तोडा दातानं," जॅकेट त्याच्यापुढे करत उमाबाई म्हणाली. "सवय हाय तुमाला."

त्याने दोरा तोडला. मग हिंमत करून म्हणाला, "सकाळी अमरेशला फोन करून खरं काय ते सांगतो. लोक चोर म्हणायलेत मला."

"बिल्कुल सांगू नका," उमाबाई म्हणाली. "चोराला लोक चार वर्सांत इसरतेत. येड्याला न्हाई इसरत."