सुआबाई आपलं गाव बघायला जातात

हाउचुआ हे डोंगरातलं एकेचाळीस उंबऱ्यांचं गाव ह्मोंग जमातीचं पारंपरिक गाव आहे, असं जिल्ह्याच्या पर्यटन कार्यालयाने फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लेखी जाहीर केलं. त्याआधीही तिथे ह्मोंगच राहत होते, पण लेखी नव्हतं.

जाहीर केल्यावर खात्री करून घेणं ओघानंच आलं. म्हणून न्हुओंग साहेब आले. साहेब खालच्या शहरातले, स्वभावाने गरीब, कागदाबाहेर पाऊल न टाकणारे. त्यांच्याजवळ सत्तावीस रकान्यांचा तपासणी तक्ता होता आणि एक रंगीत मार्गदर्शक पुस्तिका. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर झगझगीत गुलाबी घागऱ्यातली एक बाई हसत उभी होती.

वाटेवर पहिलंच घर सुंग सुआबाईंचं. वय एकसष्ट. त्या अंगणात निळीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून कापड पिळत होत्या.

"आजी, हाताला काय झालंय?" साहेबांनी काळजीनं विचारलं.

"नीळ."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"चाळीस वर्षं झाली, साहेब. आता डॉक्टरच ओळखणार नाही पांढरे हात घेऊन गेले तर."

साहेबांनी 'त्वचाविकार (?)' असं लिहिलं आणि घागऱ्याकडे वळले. सुआबाई भाबडेपणानं खुलल्या. ताग स्वतः पेरला, सोलला, कातला, विणला, मेणाची नक्षी काढली, निळीत बुडवला; या एका घागऱ्यात दीड वर्ष गेलं, असं सगळं त्यांनी सांगितलं. साहेबांनी शांतपणे पुस्तिका त्यांच्या कमरेशी धरून पाहिली.

"रंग जुळत नाही."

"अहो, तो सरहद्दीपलीकडच्या कारखान्यातला माल. रविवारच्या बाजारात ढिगानं मिळतो. चुलीजवळ बसलं तर वितळतो!"

"असेल. पण पुस्तिका मंजूर झालेली आहे, आजी. तुमचा घागरा मंजूर झालेला नाही."

आढ्याला टांगलेली मक्याची कणसं खरी निघाली, त्यामुळे उंदरांची शक्यता धरून दोन गुण कमी झाले. मग साहेबांची नजर भिंतीवरच्या बांबूच्या वाद्यावर गेली. सुआबाईंचे यजमान तुआ ओसरीवर हुक्का ओढत बसले होते.

"आजोबा, हे जरा वाजवून दाखवा."

"कोण गेलं?"

"गेलं कोणी नाही. पाहुण्यांसाठी वाजवायचं."

"हे मेलेल्याला वाट दाखवायला वाजवतात, साहेब. एखादा पाहुणा गेला की कळवा, लगेच येतो."

साहेबांनी 'कलाकार असहकार करतो' असं नोंदवलं. ते निघताना सुआबाईंनी संधी साधली. डोंगरातली वाट तासभर उतरून झऱ्यावर जायचं आणि भरलेलं पिंप पाठीवर घेऊन दीड तास चढायचं, हे त्या लग्न झाल्यापासून करत होत्या. सहा वर्षांपूर्वी गावानं नळासाठी अर्ज दिला होता.

"त्याचं काही कळलं का हो?"

"तो विभाग वेगळा," साहेब आपुलकीनं म्हणाले. "आणि पाठीवरून पाणी आणणं हे पारंपरिक आहे, रकाना चौदा. तिथे मी तुम्हाला पैकीच्या पैकी दिलेत."

पंधरवड्यानं निकाल लागला. शेजारच्या लाउ कुटुंबानं वेळेवर चार गुलाबी घागरे आणि प्लास्टिकची कणसं आणली होती, त्यांना सव्वीस गुण पडले. सुआबाईंना अकरा. शेरा होता, 'अंशतः ह्मोंग. सुधारणेस वाव.'

तुआ तो कागद वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तरी मी लग्नात तुझ्या बापाला म्हटलं होतं, पोरगी पूर्ण आहे ना बघा!"

"हसा. तुमच्या नावापुढे तर 'असहकार' लिहिलंय. मी निदान अंशतः तरी आहे."

पण त्या रात्री सुआबाई जेवल्या नाहीत. आईनं शिकवलेली नक्षी त्यांनी मांडीवर पसरली आणि बोटानं एकेक वळण चाचपत बसल्या, कुठं चुकलं ते शोधत.

मार्चमध्ये गावाच्या तोंडाशी कमान उभी राहिली. कमान सिमेंटची होती आणि तिला बांबूचा रंग दिला होता. कमानीखाली तिकीटखिडकी. नियम सुटसुटीत होता. वीसच्या वर गुण असलेल्या रहिवाशाला गुलाबी कार्ड मिळे. बाकी जो कोणी आत शिरेल तो पर्यटक, आणि त्यानं तिकीट काढायचं.

त्या रविवारी सुआबाई बाजारातून परतल्या. पाठीवरच्या टोपलीत मीठ, तेल आणि एक रागावलेलं कोंबडं होतं. खिडकीत लाउंची सून पा बसली होती, गुलाबी घागऱ्यात घामाघूम.

"सुआमावशी, कार्ड?"

"कसलं कार्ड? अगं, तुझ्या बाळंतपणात तुला धरून कोण बसलं होतं?"

"तुम्हीच, मावशी. म्हणून तर मान वर होत नाहीये माझी. पण अंशतः ह्मोंग पर्यटकांत धरायचे, असं वरून आलंय. कोंबड्याचं तिकीट मी लावत नाही, बघा."

सुआबाईंनी तिकीट काढलं. घरी जायचं होतं, दुसरा उपाय नव्हता. तिकिटाबरोबर त्यांना एक छापील पत्रक मिळालं आणि एका मार्गदर्शक मुलीच्या जथ्यात उभं करण्यात आलं. जथ्यात सहा परदेशी होते, राजधानीतलं एक नवपरिणीत जोडपं होतं आणि सुआबाई होत्या.

मुलगी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. तिनं सगळ्यांना थेट सुआबाईंच्या अंगणात नेलं. "इथं एक वृद्ध दांपत्य राहतं. पुरुष आनंदाच्या भरात बांबूचं वाद्य वाजवतो. स्त्री या वेळी बहुधा शेतात असते."

तुआंनी ओसरीवरून वर पाहिलं. "या, या. कुठून आलात बाई?"

"बाजारातून. चूल पेटवली का?"

"पेटवली. मीठ आणलंत?"

"कृपया," मुलगी कळवळून म्हणाली, "स्थानिकांशी थेट बोलू नका. त्यांची जीवनशैली बिघडते."

सुआबाई जथ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आपलंच घर आठ परक्या माणसांच्या खांद्यांवरून बघताना त्यांना ते लहान वाटलं, आणि तुआ म्हातारे. मग तहान लागली म्हणून त्या सवयीनं रांजणाकडे वळल्या, तर रांजण कोरडा. पाणी आणायची त्यांचीच पाळी होती, आणि त्या तर सहलीवर होत्या.

सहल संपून जथा कमानीशी परत आला, तेव्हा पा खिडकीतून हळूच म्हणाली, "मावशी, पत्रक वाचलंत का? पर्यटकाला पिण्याचं पाणी मिळायलाच हवं, लिहिलंय. नाही मिळालं तर तक्रारवही आहे. चोवीस तासांत उत्तर."

"आणि रहिवाशाची तक्रार?"

"त्याची वहीच नाहीये."

सुआबाईंनी टोपली खाली ठेवली. "लिही. गावात पाणी नाही."

"नाव?"

"सुंग सुआ. पर्यटक."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याचा टँकर आला. तिसऱ्या दिवशी पाइपांनी भरलेला ट्रक आला, त्यामागून घामेजलेले न्हुओंग साहेब आले आणि आठवड्याच्या आत सुआबाईंच्या अंगणात नळ बसला. पाणी आलं तेव्हा त्यांनी हात नळाखाली धरले. नीळ काही निघाली नाही. तरी त्या बराच वेळ हात धरून उभ्या राहिल्या, आणि तुआ, ज्यांना एरवी प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचे, ते चुलीकडे तोंड करून डोळ्यांत धूर गेल्याचं सांगू लागले.

"पर्यटकांच्या गैरसोयीबद्दल कार्यालय दिलगीर आहे," साहेब नम्रपणे म्हणाले. "आणखी काही अडचण, मॅडम?"

आजीची मॅडम झाल्याचं गावानं ऐकलं. त्याच संध्याकाळी लाउंच्या घरी भांडण झालं. पा हिच्या सासूनं गुलाबी घागरे चुलीत घातले, आणि ते खरंच वितळले. सकाळी तिनं सव्वीस गुणांचं कार्ड परत केलं, तिकीट काढलं आणि शाळेला शिक्षक नसल्याची तक्रार लिहिली. शिक्षक आला. पुढच्यानं रस्त्याची लिहिली. तिसऱ्यानं दवाखान्याची. एप्रिल संपेपर्यंत एकेचाळीस घरांत एकाकडेही कार्ड उरलं नव्हतं. अधिकृत नोंदीप्रमाणे हाउचुआत आता एकही ह्मोंग राहत नव्हता. होते ते सगळे मुक्कामी पर्यटक, आणि समाधानी.

कार्यालयानं पर्यटकसंख्येत विक्रमी वाढ झाल्याचं वर कळवलं. साहेबांना बढती मिळाली.

एकच अडचण उरली. लांबून बस भरून येणाऱ्यांना बघायला कोणी उरलं नाही. त्यांनीही तक्रारवहीत लिहिलं, 'गावात पारंपरिक लोक नाहीत.' शेवटी वही ती वही. चोवीस तासांत उत्तर देणं भाग होतं. साहेबांनी रात्रभर नियम चाळले. कोणत्याही नियमात पारंपरिक माणूस स्थानिक असावा असं म्हटलेलं नव्हतं. पुस्तिकेशी जुळला की झालं.

तेव्हापासून प्रत्येक बसमधल्या निम्म्या प्रवाशांना कमानीशीच उतरवून घेतात, मापाचा घागरा देतात आणि कामाला बसवतात. लोक तक्रार करत नाहीत. उलट म्हणतात, इतका अस्सल अनुभव कुठेच आला नव्हता.

तुम्हीही येणार असाल, तर जरूर या. लवकर आलात तर सावलीतला माग मिळेल, उशीर झाला तर मक्याचं जातं. दुपारी जेवण आटोपून सुआबाई तिकडे फेरी मारतात. त्या तुमच्यासमोर उभ्या राहतील, न विचारता तुमचा फोटो काढतील आणि तुआंना म्हणतील, "बघा हो, बिचाऱ्यांजवळ काही नाही, तरी किती सुखी आहेत!"

त्या वेळी कृपया हसतमुख राहावं.