वेशीत अडकलेलं घर

"गवतानं शिगोशीग भरलेली गाडी नेलीय मी या वेशीतून! हा तर चाकांवरचा डबा!" लेओंस काकांनी छाती पुढे काढून जाहीर केलं.

रोशब्रेल गाव टेकडीच्या माथ्यावर, आणि वर जाणारा रस्ता एकच, वेशीच्या दगडी कमानीतून. त्या कमानीपाशी हॉलंडचं एक जोडपं येऊन थांबलं होतं. मोटारीमागे चाकांवरचं पांढरंशुभ्र घर. नवरा खिडकीतून डोकं काढून मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये काहीतरी विचारत होता, पण काकांना ऐकायला धीर कुठला!

"येऊ द्या! डावीकडे... अजून... भरपूर जागा आहे!"

खर्रर्र!

मोटार पार झाली, घराचं छप्पर मात्र वर दगडाला टेकलं आणि बाटलीत बूच बसावं तसं घर कमानीत बसलं. पुढे जाईना, मागे येईना, कडेनं मांजर सरकेना!

तेवढ्यात खालून हॉर्न वाजले. काकांची पुतणी सोलीन, नवरीच्या पोशाखात, वऱ्हाडासकट! चर्च, जेवण, नवरदेव, सगळं वर, नवरी खाली.

"काका, काय करून ठेवलंत हे?"

"मी? घरच उंच निघालं!"

पलीकडून पाद्रीबाबा ओरडले, "लेओंस, आटपा! मला पुढे एका मयताला जायचंय!"

"मयताला कसली घाई, बाबा?"

शेवटी ती डच बाई पुढच्या खिडकीतून आत शिरली आणि तिनं मागची खिडकी उघडली. सोलीननं झगा गुंडाळला, काकांच्या खांद्यावर पाय दिला आणि आत गडप!

"आता मी!" बेर्तील काकू पुढे सरसावल्या. काकांचे खांदे कुरकुरले. मग मामा, माम्या, अकॉर्डियनवाला... वजनानं घर बसत गेलं, छप्पर कमानीपासून सुटलं, मोटारीनं ओढ घेतली आणि अख्खं वऱ्हाड घेऊन ते डुलत डुलत थेट चर्चच्या दारात!

टाळ्याच टाळ्या! "बघितलंत? म्हटलं नव्हतं, जाईल म्हणून!" काका धापा टाकत मागून चालत येत म्हणाले.

जेवणाला पाहुण्यांना मानानं बसवलं. बदकाचं मांस झालं, चीज झालं, तेव्हा कुठे त्या डच माणसाला सकाळचा प्रश्न पुन्हा विचारायची संधी मिळाली.

"साहेब, नदीकाठची तंबूंची जागा कुठे आहे?"

"ती होय? ती खाली राहिली!" काका म्हणाले. "वेशीच्या अलीकडेच वळायचं होतं की!"

काकूंनी हळूच विचारलं, "अहो, मग आता यांना खाली कोण उतरवणार?"

काकांनी आपली बशी उचलली आणि ते लहान मुलांच्या टेबलावर जाऊन बसले.