हेल्गाबाईंच्या माहेरची माणसं

हेल्गाबाई कधी ‘नमस्कार’ म्हणत नसत. माणूस दिसला की पहिला प्रश्न, “पोट साफ?” भर होडीत, पंचवीस माणसांसमोर मला विचारायच्या, “गुरुजी, पोट साफ?” मी मनोरीच्या म्युनिसिपल शाळेतला मास्तर. काय इज्जत राहणार, सांगा!

बाई नॉर्वेच्या. गावात दवाखाना चालवायला आल्या त्याला अठरा वर्षं झालेली. मराठी आमच्या कोळणींकडून शिकल्या, त्यामुळे प्रेमाने बोलल्या तरी भांडल्यासारखं वाटे.

त्यांना घोर एकच, बाळंतपणाच्या खोलीचा. पावसात होडी बंद पडली की अडलेल्या बाईला खाडीपलीकडे मालाडला न्यायचं कसं? दरवर्षी त्या आपल्या गावी पत्र लिहीत, माणसं पाठवा म्हणून. कुणी येत नसे. अखेर गावात पहिला कलर टीव्ही आला त्या वर्षी, मे महिन्यात, त्यांच्या गावची आठ तरणीताठी पोरं-पोरी होडीतून उतरली. पंधरा दिवसांत खोली बांधून परत जायचं होतं.

पण आमचं गाव! कुणी घमेलं उचललं की हिराबाई धावलीच. ही बाईंची शेजारीण. मासळीबाजारात तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. “पावण्याच्या हातात घमेलं? गावाची लाज काढता काय?” की घमेलं काढून हातात चहाची बशी! दुपारी एकाकडे जेवण, संध्याकाळी दुसऱ्याकडे. एका पोराने बोंबील इतके हाणले की तो आडवाच झाला. बाईंनी त्याला काय विचारलं ते सांगायला नको. चार दिवस गेले, वीट हलली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी बाई कमरेवर हात ठेवून बाजाराच्या मधोमध उभ्या राहिल्या. “पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई! आज पाचवा दिवस! ही माझ्या घरची पोरं आहेत. माझ्या घरात कुणी आयतं खात नाही. समजलं?”



“घरची होय?” हिराबाई म्हणाली. “मग आधी नाय सांगायचं?” आणि सगळ्यांत धिप्पाड पोराकडे वळून ओरडली, “ए धोंड्या! बघतोस काय? वाळू उचल!”

मग काय विचारता! घरच्या पोरांसोबत घरची माणसंही आलीच. बायका विटांच्या रांगेला लागल्या, होड्या रेती आणू लागल्या. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे मलाही बहाणा उरला नाही. चौदाव्या दिवशी छप्पर चढलं. झकास खोली! नारळ फुटला, बेंजो वाजला, आणि नॉर्वेच्या पोरी कोळणींबरोबर घाम फुटेस्तोवर नाचल्या.

निघायच्या दिवशी सारा गाव धक्क्यावर लोटला. पंधरा दिवस इकडचं बोलणं तिकडे सांगायचं काम बाईच करत होत्या. हिराबाईने पोरांच्या हातात सुक्या कोलंबीच्या सोड्यांचं गाठोडं दिलं. म्हणाली, “हे हिच्या आईला द्या. अठरा वर्षांत हिच्या माहेरचं पयल्यांदाच कोण आलं. आईला सांगा, पोरीची काळजी करू नको. ती आमच्यात हाय.”

पोरं अर्थासाठी बाईंकडे बघू लागली. बाईंनी तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. साऱ्या गावाला दरडावणाऱ्या त्या बाईच्या तोंडून शब्द फुटेना. हिराबाईचा हात घट्ट धरून त्या नुसत्या रडत राहिल्या.

शेवटी मीच पुढे झालो आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, “टेल हर मदर, नो वरी. शी इज अवर डॉटर.”