सातव्या चंद्रावरचं अठरावं प्रकरण

आमच्या पूनम सागर सोसायटीत कुणाकडे पंचावन्न इंची टीव्ही आहे, कुणाकडे जर्मनीहून आणलेलं कॉफीचं मशीन आहे. असू दे! माझ्याकडे ‘सातव्या चंद्रावरची विहीर’ आहे. पूर्ण! सगळी अठरा प्रकरणं एकत्र बाइंड केलेली, वर लाल कापडी पुठ्ठा आणि पाठीवर सोनेरी अक्षरं. अख्ख्या महाराष्ट्रात अशी दुसरी प्रत नाही, हे मी येईल त्या पाहुण्याला छातीठोकपणे सांगत आलोय. आणि ते अगदी खरं होतं. का खरं होतं, ते मात्र मी अठ्ठावीस वर्षं कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

आधी ‘परग्रह’बद्दल सांगतो, म्हणजे तुम्ही मला थोडं तरी माफ कराल. ‘परग्रह’ हे विज्ञानकथांचं मासिक. कागद असा की वाचून झालं की बोटं काळी व्हायची. चित्रं अशी की रॉकेट कुठलं आणि वांगं कुठलं ते कळायचं नाही. पण आतल्या गोष्टी! गुरू ग्रहावर बदली झालेला तलाठी काय, दर वर्षी एका वर्षाने लहान होत जाणारी शाळामास्तरीण काय! आणि सगळं कसं आपल्या भाषेत. परग्रहावरचा तीन डोळ्यांचा प्राणीसुद्धा पाहुण्याला आधी ‘बसा’ म्हणायचा आणि मग पृथ्वी नष्ट करायची धमकी द्यायचा. मी त्या मासिकावर जीव टाकायचो.

त्यात क्रमशः येणारी कादंबरी म्हणजे ‘सातव्या चंद्रावरची विहीर’. लेखिका अनसूया केळुसकर. महाडकडची यमुना नावाची पाणाडी, जमिनीला कान लावून पाणी सांगणारी. तिला एका कोरड्या चंद्रावर विहीर खणायला पाठवतात. सतराव्या प्रकरणात विहीर साठ पुरुष खोल जाते. यमुना कमरेला दोर बांधून खाली उतरते आणि अंधारात खालून कुणीतरी तो दोर ओढतं!

क्रमशः.

आणि मासिक बंद पडलं! सांगा, माणसाने काय करावं?

मी एकटा असतो तर रडून गप्प बसलो असतो. पण आशा होती. माझा तेव्हा भाईंदर पूर्वेला छापखाना होता. छापखाना म्हणजे पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांची, म्हणजे खिळ्यांची, दोन कपाटं आणि मी. बारा महिने लग्नपत्रिका छापायच्या. आशा समोरच्या चाळीत राहायची. अंक माझा, पण वाचायची ती आधी. वाचून झालं की मी त्यातली ‘विहिरी’ची पानं सुटी करून बाइंडिंगसाठी जपून ठेवायचो. मला तिला मागणी घालायची होती आणि तिने तिच्या आईला ठणकावून सांगितलं होतं, “यमुनेचा दोर कुणी ओढला ते कळल्याशिवाय मी लग्नाचा विचारसुद्धा करणार नाही!”

“शेवटचा अंक निघालाय की,” मी म्हणून गेलो. “थोड्याच प्रती काढल्यात. माझी ओळख आहे. त्यातली ‘विहिरी’ची पानं आणून देतो.”

जीभ माझी, पण चालवत कोण होतं देव जाणे!

रविवारी शटर अर्धं ओढून घेतलं आणि अठरावं प्रकरण लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, थेट खिळे जुळवत गेलो. तसलाच कागद, तसलीच शाई. फक्त एक घोटाळा झाला. हाताला सवय लग्नपत्रिकांची! यमुना विहिरीत उतरली, पण उतरता उतरता माझी भाषा मांडवात शिरली. ते मला तेव्हा कळलंही नाही. उलट शेवटी पान मोकळं दिसलं म्हणून मी तिथे पत्रिकेवरचा कलशाचा ठसा लावून दिला.

आशाने ते वाचलं, डोळे पुसले आणि महिन्याभरात होकार दिला. मी सगळी अठरा प्रकरणं बाइंड करून तिला लग्नात भेट दिली.

इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. गेल्या वर्षी आशाने वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या पुस्तकाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्याकडे पूर्ण आहे बरं का!’ मी वर अंगठा दिला. मूर्खासारखा!

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

“नाथाकाका ना? मी क्षितिजा बोलतेय. मी ‘परग्रह’चे सगळे अंक जमवून त्याचे संग्रहित खंड काढतेय. पाच खंड रेडी आहेत. काका, तुमच्याकडे खरंच अठरावं प्रकरण आहे?”

“तसं आहे म्हणजे… पण वाळवी लागलीये हो त्याला.”

“काही वाळवी-बिळवी नाही!” आशा स्वयंपाकघरातून ओरडली. फोन स्पीकरवर होता. “चांगलं शालूत गुंडाळून ठेवलंय मी!”

“काकू, तुम्ही ग्रेट आहात!” क्षितिजा जवळजवळ रडायला आली होती. “सहावा खंड फक्त ‘विहिरी’चा आहे, आणि अनसूयाताई दोन वर्षं परमिशनच देत नाहीयेत. म्हणतात, अर्धवट कादंबरी पुस्तकात छापायची नाही. शेवट मिळाला तर त्या हो म्हणतील!”

“अनसूयाताई… म्हणजे आहेत त्या?”

“आहेत म्हणजे काय! ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. भाईंदर पूर्वेलाच तर राहतात.”

जिच्या एका एका वाक्यावर मी जीव ओवाळून टाकला, ती बाई माझ्या छापखान्यापासून दहा मिनिटांवर राहत होती आणि मी तिच्या नावावर कलश छापून मोकळा झालो होतो!

संध्याकाळी क्षितिजा घरी हजर. मुलगी कमालीची. कुठल्या कुठल्या वाचनालयांतून, कुणाकुणाच्या माळ्यांवरून तिने एकेक अंक जमवला होता, फाटकी पानं जपानी कागदाने सांधली होती. तिच्याकडे बघून कौतुकही वाटत होतं आणि पळून जावंसंही वाटत होतं. तिने अठरावं प्रकरण हातमोजे घालून वाचलं.

“काका, ही भाषा एकदम वेगळी आहे!”

“हो ना,” मी आशेने म्हणालो. “शंका येण्यासारखीच आहे.”

“ताईंनी शेवटी लोकविधीची भाषा आणलीये! आणि हा कलश बघा. पाण्याचं प्रतीक! काळाच्या किती पुढे होत्या त्या!”

नऊ वाजता तिची पोस्ट फेसबुकवर. दहा वाजता सातशे लाइक. कुणा प्राध्यापकांनी तर त्या कलशावर चार परिच्छेद लिहिले. तो ठसा मी घाऊक बाजारातून डझनावर घेतला होता हो!

मी ठरवलं, सकाळी एकट्यानेच जायचं, बाईंचे पाय धरायचे आणि सगळं कबूल करायचं. चपला घालतोय तोच आशा हिरवी पैठणी नेसून दारात उभी.

“मला टाकून जाताय होय? माझं लग्न जमवलंय त्या बाईंनी!”

खाली क्षितिजा रिक्षा घेऊन उभीच होती. मी मध्ये बसलो, दोन्हीकडून पकडल्यासारखा. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

“अंकल, इतना पसीना? हॉस्पिटल ले लूं क्या?”

मला हो म्हणावंसं फार वाटलं.

अनसूयाबाई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. इतक्याशा, पण नजर तेज. मी वाकून नमस्कार केला. आशाने तर दोनदा केला. क्षितिजाने ते पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी भिंग घेतलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘श्रीकृपेकरून यमुना विहिरीच्या तळाशी सुखरूप पोचली.’” त्या थांबल्या. “श्रीकृपेकरून?”

“पुढे वाचा ना,” आशा म्हणाली. “पुढे फार छान आहे.”

“‘तेथे चि. सुधाकर हा होतकरू व निर्व्यसनी तरुण स्वतःचा छापखाना चालवीत होता.’ विहिरीच्या तळाशी छापखाना? कागद भिजत नव्हता का त्याचा?”

“बाई, मला जरा बोलायचंय…” मी म्हणालो.

“थांबा हो! ‘गोरज मुहूर्तावर समस्त चंद्रवासी सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहिल्याने कार्यास शोभा आली.’ अगं, त्या चंद्रावर हवा नाही! मी तिसऱ्या प्रकरणातच सांगितलंय! हे समस्त लोक श्वास कशाने घेत होते?”

“ताई, लोकविधी…” क्षितिजा पुटपुटली.

“कसला डोंबलाचा लोकविधी! ही लग्नपत्रिका आहे!”

मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता.

“मलेरिया झाला होता मला तेव्हा. तापातच काहीतरी लिहून संपादकांना पाठवलं होतं. मासिक बंद झालं, ती पानं परत आलीच नाहीत. काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. हेच असणार ते.” त्यांनी पुस्तक मिटलं. “म्हणजे ती सतरा प्रकरणं लिहिणारी बाई तेव्हाच संपली होती. लिहिणं सोडलं ते बरंच केलं म्हणायचं.”

माझ्या छातीत कळ आली. खरी. लबाडी केली ती केली, पण माझी टुकार वाक्यं स्वतःची समजून ही बाई स्वतःलाच मोडीत काढत होती. हे काही मला बघवेना.

“तुम्ही नाही लिहिलं ते!” मी ओरडलोच. “मी लिहिलं! माझा छापखाना होता. पत्रिकांचा! तुमची पानं मी पाहिलीसुद्धा नाहीत. तुम्ही असलं लिहूच शकत नाही, बाई. तापातसुद्धा नाही!”

बाईंनी पुन्हा भिंग उचललं.

“म्हणजे तो सुधाकर…” आशा सावकाश म्हणाली.

“मीच.”

“होतकरू व निर्व्यसनी?”

“तेव्हा होतो गं होतकरू.”

“विहिरीत छापखानेवाला निघाला, तेव्हा मला वाटलं, देवाने कौल दिला!” तिचा आवाज चढला. “आईला जाऊन सांगितलं मी! म्हटलं, यमुनेने छापखानेवाला केला, मीपण करते!”

क्षितिजा मोबाइलवर अंगठा दाबून बसली होती. पोस्ट डिलीट होत होती. त्या प्राध्यापकांचे चार परिच्छेदही तिच्याबरोबर गेले.

मी मान खाली घालून उभा. तेवढ्यात कसलासा आवाज आला म्हणून बघतो तर अनसूयाबाई हसत होत्या. हसता हसता ठसका लागला, आशाने धावत जाऊन पाणी दिलं.

“शेवट छापून मुलगी मिळवली म्हणजे!” त्या म्हणाल्या. “माझ्या लिखाणाचा इतका उपयोग कुणाला झाला नव्हता हो.” मग एकदम गंभीर झाल्या. “पण यमुनेचं लग्न लावलंत तुम्ही? माझ्या यमुनेचं? सतरा प्रकरणं वाचून तुम्हाला एवढंही कळलं नाही की दोर कोण ओढत होतं?”

“कोण ओढत होतं?” आम्ही तिघंही एकदमच बोललो.

बाईंनी आम्हा एकेकाकडे नीट बघितलं. मग क्षितिजाला म्हणाल्या, “त्या कपाटात फुलस्केपचे ताव असतील. आण. आणि या दोघांना घरी पाठव. असलं काहीतरी ‘विहिरी’चा शेवट म्हणून जगात फिरत असताना मला झोप लागायची नाही.”

पुढचे चार दिवस आशा माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते एवढंच, “निर्व्यसनी म्हणे! तंबाखू खायचात तुम्ही तेव्हा!”

बाईंनी तीन आठवड्यांत प्रकरण पूर्ण केलं. सहावा खंड जानेवारीत आला. देखणा! कागद सुरेख, अक्षरं सुबक, आणि रॉकेटची जुनी चित्रंही तशीच छापलेली. सुरुवातीला बाईंच्या मनोगतात शेवटची ओळ होती, ‘अठरावे प्रकरण लिहिण्यास श्री. नाथा म्हात्रे यांच्यामुळे प्रवृत्त झाले. त्यांचे वाचल्यावर न लिहिणे शक्यच नव्हते.’ मी ती ओळ सोसायटीत सगळ्यांना दाखवली. अर्धीच. दुसऱ्या वाक्यावर अंगठा ठेवून.

आशाने पहिलं वाचायचं, हे ठरलेलंच होतं. ती बाल्कनीत बसून वाचत होती आणि मी आत बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. नंतर मीही वाचलं. सांगायला शब्द कमी पडतात. दोर पाणीच ओढत होतं. साठ पुरुष खाली, काळोखात, इतकी युगं कुणाची तरी वाट बघत असलेलं पाणी. यमुना दोराला कान लावते, ते ओळखते, वर उभ्या असलेल्या माणसांना एकदा हाक मारते आणि कमरेची गाठ स्वतःच्या हाताने सोडते. पुढे तिने लग्न केलं की नाही, हा प्रश्नसुद्धा वाचताना मनात येत नाही. माणसाने लिहावं तर असं!

त्या दिवशी बाल्कनीत शेवटचं पान संपल्यावर आशाने पुस्तक मिटलं. पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

“हे मला तेव्हा वाचायला मिळालं असतं ना…”

“तर?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पोटाशी नजर जरा थांबली.

“तर काही नाही. उठा, चहा ठेवा.”

मी ठेवला. तेव्हापासून रोज मीच ठेवतोय.